वेगाची अंतिम मर्यादा : प्रकाशाहून वेगाने काहीच का जाऊ शकत नाही?

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –

• एका टोकाला दिलेला धक्का दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास वेळ का लागतो, हे स्पष्ट करता येईल.
• प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ही केवळ प्रकाशाची नसून कार्यकारणसंबंधाची मर्यादा कशी आहे, हे सांगता येईल.
• या मर्यादेचे भासमान अपवाद आणि खरे अपवाद यांत फरक करता येईल.
• विज्ञानविषयक ललित लेखनातील वेगाच्या कल्पनांचे जाणतेपणाने मूल्यमापन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विहिरीतून पाणी शेंदताना आपण दोराला ओढ देतो आणि त्याच क्षणी बादली वर उचलली जाते. काठीचे एक टोक पुढे सारले की दुसरे टोकही लगेच पुढे सरकते. हा अनुभव इतका नित्याचा आहे, की ‘त्याच क्षणी’ आणि ‘लगेच’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

आता या अनुभवाचा थोडा विस्तार करू. पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. पृथ्वीवरून पाठवलेला प्रकाशझोत चंद्रावर पोहोचण्यास सुमारे १.३ सेकंद लागतात. समजा, पृथ्वीपासून चंद्रापर्यंत पोहोचणारी एक अखंड पोलादी काठी आपल्याजवळ आहे आणि तिच्या पलीकडच्या टोकापाशी एक घंटा टांगली आहे. आपण अलीकडचे टोक पुढे ढकलले, तर घंटा केव्हा वाजेल? विहिरीचा अनुभव खरा मानला, तर घंटा तत्क्षणी वाजायला हवी. मग या काठीने प्रकाशाला मागे टाकले, असे म्हणावे लागेल.

निसर्गात कोणतीही वस्तू आणि कोणताही संदेश प्रकाशाहून वेगाने जाऊ शकत नाही, असे आधुनिक भौतिकशास्त्र सांगते. हा नियम आणि आपली काठी यांपैकी एकालाच खरे ठरता येईल. या घटकात आपण या कोड्याचा उलगडा करणार आहोत.

५.२ प्रकाशालाही वेळ लागतो

प्रकाशाचा प्रवास कालरहित असतो, असे अनेक शतके मानले जात होते. दिवा लावताच खोली उजळते. मध्ये वेळ गेल्याचे जाणवत नाही. या समजुतीला पहिला ठोस धक्का १६७६ मध्ये बसला. ओले रोमर हा डॅनिश खगोलशास्त्रज्ञ पॅरिस येथे गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळांचा अभ्यास करीत होता. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ही ग्रहणे गणिताने येणाऱ्या वेळेपेक्षा उशिरा दिसत आणि जवळ येत असताना लवकर दिसत. रोमरने याचा अर्थ बरोबर ओळखला. ग्रहण उशिरा घडत नव्हते, तर ग्रहणाची वार्ता आणणाऱ्या प्रकाशाला अधिक अंतर कापावे लागत होते.

१८४९ मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगाने फिरणारे दातेरी चाक आणि काही किलोमीटर दूर ठेवलेला आरसा यांच्या साहाय्याने पृथ्वीवरच प्रकाशाचा वेग मोजला. पुढे मोजमाप इतके अचूक होत गेले, की १९८३ मध्ये मीटर या एककाची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून करण्यात आली. त्यानुसार निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर अंतर कापतो. व्यवहारात आपण त्याला सेकंदाला तीन लाख किलोमीटर म्हणतो. सूर्यावरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद घेतो. म्हणजेच आपण पाहतो तो सूर्य नेहमीच आठ मिनिटांपूर्वीचा असतो.

५.३ काठीचे कोडे

आता काठीकडे वळू. काठी ही आपल्याला एकसंध वस्तू वाटते. प्रत्यक्षात ती असंख्य अणूंची रचना आहे. हे अणू परस्परांशी विद्युत बलांनी बांधलेले असतात. आपण काठीचे टोक ढकलतो, तेव्हा आपण केवळ त्या टोकाचे अणू हलवतो. ते पुढच्या अणूंवर रेटा देतात, ते त्यांच्या पुढच्यांवर. आणि अशा रीतीने दाब क्रमाक्रमाने पुढे सरकतो. काठीची हालचाल ही एका अणूने दुसऱ्याला दिलेली वर्दी असते, असे म्हटले तरी चालेल.

मालगाडी सुटताना हेच ठळकपणे पाहायला मिळते. इंजिनाने ओढ घेतली तरी शेवटचा डबा तत्काळ हलत नाही. डब्याडब्यांमधील जोडांचा खडखडाट पुढून मागे सरकत जातो आणि तो पोहोचल्यावरच शेवटचा डबा जागचा हलतो. काठीत डब्यांच्या जागी अणू असतात, एवढाच फरक.

दाबाचा हा तरंग ज्या वेगाने सरकतो, तोच त्या पदार्थातील ध्वनीचा वेग होय. पोलादाच्या काठीत तो सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर असतो. एक मीटर लांबीच्या काठीत धक्का एका सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात दुसऱ्या टोकाला पोहोचतो. इतका अल्प काळ आपल्या इंद्रियांना कळत नाही. म्हणून आपण ‘त्याच क्षणी’ असे म्हणतो. चंद्रापर्यंतच्या काठीत मात्र ३,८४,००० भागिले ५, म्हणजे जवळजवळ ७७,००० सेकंद लागतील. सकाळी आठ वाजता काठी ढकलली, तर घंटा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या पुढे वाजेल. प्रकाश दीड सेकंदाच्या आत पोहोचतो. काठीला एकवीस तासांहून अधिक काळ लागतो.

पायाखालच्या खडकाइतकी घट्ट वस्तू आपल्या अनुभवात दुसरी नाही. पण तीही या नियमातून सुटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी येथे भूकंप झाला, तेव्हा त्याच्या सर्वांत वेगवान तरंगांनाही सुमारे चारशे किलोमीटर अंतरावरील मुंबईपर्यंत येण्यास एक मिनिटाच्या आसपास वेळ लागला असणार. कारण खडकातून हे तरंग सेकंदाला साधारण ६ ते ८ किलोमीटर या वेगाने जातात.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. पोलादाऐवजी अधिक कठीण पदार्थ घेतला तर? हिऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १८ किलोमीटर असतो. तरीही प्रकाश त्याच्या सोळा हजार पटींहून अधिक वेगवान ठरतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अणूंना जोडणारी विद्युत बले स्वतःच प्रकाशाच्या वेगाहून जलद पसरत नाहीत. एक अणू हलल्याची खबर शेजारच्या अणूला त्याआधी मिळूच शकत नाही. त्यामुळे पदार्थ कितीही कठीण असला, तरी त्याच्यातील धक्का प्रकाशाला मागे टाकणार नाही. ज्या वस्तूचे एक टोक हलताच दुसरे तत्क्षणी हलते, अशी ‘पूर्ण दृढ वस्तू’ गणिताच्या पुस्तकात सोयीसाठी मानली जाते. निसर्गात ती नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) काठीतील धक्का कोणत्या वेगाने पुढे सरकतो?
(आ) ५ किलोमीटर लांबीच्या अखंड पोलादी रुळाच्या एका टोकावर हातोडा मारला. धक्का दुसऱ्या टोकाला रुळातून किती वेळात पोहोचेल? हवेतून येणारा आवाज (वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर) किती वेळात पोहोचेल?

५.४ वेगांची बेरीज आणि ऊर्जेचा खर्च

धक्का मागे पडतो, हे मान्य केले, तरी एखादी वस्तूच सतत वेग वाढवत प्रकाशाच्या पुढे का जाऊ नये, हा प्रश्न उरतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत एखादा प्रवासी गाडीच्याच दिशेने ताशी ५ किलोमीटर वेगाने चालत असेल, तर जमिनीवरील माणसाला त्याचा वेग ताशी ६५ किलोमीटर वाटतो. हाच हिशेब प्रकाशाला लावता येईल, अशी अपेक्षा होती. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांनी पृथ्वीच्या गतीमुळे निरनिराळ्या दिशांना जाणाऱ्या प्रकाशात पडणारा फरक शोधण्यासाठी अतिशय नाजूक प्रयोग केला. अपेक्षित फरक आढळला नाही. १९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी विशिष्ट सापेक्षता सिद्धांत मांडताना हीच गोष्ट पायाभूत मानली : एकसमान गतीने जाणाऱ्या कोणत्याही निरीक्षकाला निर्वात पोकळीतील प्रकाशाचा वेग तेवढाच आढळतो.

हे खरे असेल, तर वेगांची साधी बेरीज चुकीची ठरते. एका यानाचा वेग प्रकाशाच्या तीन चतुर्थांश आहे आणि त्यातून पुढच्या दिशेने, यानाच्या दृष्टीने तेवढ्याच वेगाने, एक गोळा सोडला, असे समजू. साध्या बेरजेने गोळ्याचा वेग प्रकाशाच्या दीडपट यायला हवा. सापेक्षता सिद्धांताच्या नियमाने तो प्रकाशाच्या ९६ टक्के येतो. दोन्ही वेग प्रकाशाहून कमी असतील, तर त्यांची बेरीजही नेहमी प्रकाशाहून कमीच येते. ताशी ६० आणि ५ यांच्या बेरजेतही हा नियम लागू असतो; परंतु तेथे पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो, की तो मोजण्याची गरज भासत नाही.

ऊर्जेच्या बाजूनेही हीच मर्यादा दिसते. १९६४ मध्ये विल्यम बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉनांना वाढती ऊर्जा देऊन त्यांचा वेग प्रत्यक्ष मोजला. कमी ऊर्जेच्या टप्प्यावर इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ८७ टक्के वेगाने जात होते. ऊर्जा तीसपट केल्यावर वेग प्रकाशाच्या अगदी जवळ गेला, पण त्यापलीकडे गेला नाही. जुन्या यांत्रिकीप्रमाणे तो पाचपटींहून अधिक वाढायला हवा होता. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉन फिरतात, तेव्हा ते प्रकाशाहून सेकंदाला फक्त सुमारे ३ मीटरने मागे असतात. हे अंतर रमतगमत धावणाऱ्या माणसाच्या वेगाइतके आहे. तरीही ते कितीही ऊर्जा ओतून शून्यावर आणता येत नाही. वस्तुमान असलेली वस्तू जसजशी या मर्यादेजवळ जाते, तसतशी वेगातील प्रत्येक पुढच्या वाढीसाठी अधिकाधिक ऊर्जा लागते, आणि मर्यादा प्रत्यक्ष गाठण्यासाठी अनंत ऊर्जा लागेल.

वेगाच्या या नियमाची किंमत काळाला मोजावी लागते. वातावरणात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर विश्वकिरणांच्या माऱ्यातून म्युऑन नावाचे कण निर्माण होतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या सुमारे २२ कोट्यंशांएवढे, म्हणजे एका सेकंदाचे एक कोटी भाग केल्यास त्यांतील बावीस भागांइतके असते. एवढ्या काळात प्रकाशही ६६० मीटरच जाईल. तरीही असंख्य म्युऑन जमिनीवर पोहोचतात, कारण वेगाने धावणाऱ्या कणाचा काळ आपल्या दृष्टीने संथ चालतो. अशा कणांच्या क्षयातून सापेक्षता सिद्धांताची पडताळणी करता येईल, हे मुंबईत जन्मलेले डॉ. होमी भाभा यांनी १९३८ मध्येच सुचवले होते.

५.५ मर्यादा कशाची? कार्यकारणसंबंधाची

आता या घटकाच्या गाभ्याशी येऊ. प्रकाशाचा वेग ओलांडला गेला, तर बिघडते काय?

पुन्हा चंद्राची काठी घ्या. क्षणभर असे मानू, की आपल्याला एक अद्भुत काठी मिळाली आहे आणि तिच्यातील धक्का चंद्रापर्यंत अर्ध्या सेकंदात पोहोचतो. म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे ढकलण्याची घटना आधी घडली आणि अर्ध्या सेकंदाने घंटा वाजली. सापेक्षता सिद्धांताचा एक निष्कर्ष असा, की परस्परांपासून दूर घडणाऱ्या घटनांच्या वेळांविषयी वेगवेगळ्या गतीने जाणाऱ्या निरीक्षकांचे एकमत होत नाही. पृथ्वीकडून चंद्राच्या दिशेने प्रकाशाच्या निम्म्या वेगाने जाणाऱ्या यानातील प्रवाशाने आपल्या घड्याळानुसार हिशेब केला, तर त्याच्या दृष्टीने घंटा आधी वाजते आणि काठी नंतर ढकलली जाते. हा डोळ्यांचा भ्रम नव्हे. प्रकाश पोहोचण्यास लागणारा वेळ वजा केल्यावरही हाच क्रम उरतो. कार्य आधी आणि कारण मागून, असे त्याला म्हणावे लागेल.

आता दुसरी शक्यता पाहा. घंटा ढकलल्यानंतर १.३ सेकंदांनी किंवा त्याहून उशिरा वाजली, म्हणजे दोन घटनांच्या मधल्या काळात प्रकाशाला पोहोचण्याइतका अवसर असला, तर कोणत्याही गतीने जाणाऱ्या कोणत्याही निरीक्षकाला हा क्रम उलटा दिसत नाही. मधले अंतर व काळ किती, याविषयी त्यांचे मतभेद होतील. परंतु आधी काय आणि नंतर काय, याविषयी सर्वांचे एकमत राहील.

यातून नियमाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. ज्या दोन घटनांना प्रकाश जोडू शकतो, त्यांचा क्रम सर्वांसाठी एकच असतो. म्हणून त्यांच्यातच कारण आणि कार्य असे नाते संभवते. ज्यांना प्रकाश जोडू शकत नाही, त्यांचा क्रम निरीक्षकागणिक बदलू शकतो. आणि तो बदलल्याने काही बिघडत नाही, कारण त्यांपैकी एकीचा दुसरीवर परिणामच होऊ शकत नाही. प्रकाशाहून वेगवान संदेश शक्य झाला, तर ही व्यवस्था कोसळेल. दोन वेगवेगळ्या गतीने जाणाऱ्या निरीक्षकांमध्ये असे संदेश जाऊ-येऊ लागले, तर उत्तर प्रश्नाच्या आधी मिळू शकेल. तुम्ही स्वाध्याय टपालात टाकण्यापूर्वीच त्याचे गुण तुमच्या हाती पडतील. आणि ते पाहून तुम्ही स्वाध्याय पाठवलाच नाही, तर ते गुण कशाचे, याला उत्तर उरणार नाही.

म्हणूनच ‘प्रकाशाचा वेग’ हे नाव काहीसे अपुरे आहे. ही मर्यादा प्रकाशाने घालून दिलेली नाही. प्रकाशालाही ती पाळावी लागते. वस्तुमानरहित असल्यामुळे तो त्या मर्यादेवरच चालतो, इतकेच. गुरुत्वतरंगही त्याच वेगाने जातात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून निघालेले गुरुत्वतरंग पृथ्वीवर नोंदले गेले आणि अवघ्या १.७ सेकंदांनी त्याच घटनेतील गॅमा किरण पोहोचले. दोघांनीही सुमारे १३ कोटी वर्षे प्रवास केला होता. अशा तरंगांचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारण्याचा प्रकल्प आहे.

५.६ भासमान अपवाद

वाचनात काही उदाहरणे अशी येतील, की नियम मोडल्यासारखे वाटेल. त्यांपैकी चार उदाहरणे पाहू.

*प्रकाशाचा ठिपका.* शक्तिशाली झोत चंद्रावर रोखून हात झटकला, तर चंद्राच्या पृष्ठावरील ठिपका प्रकाशाहून वेगाने सरकू शकतो. परंतु ठिपका ही वस्तू नव्हे. प्रत्येक ठिकाणचा प्रकाश पृथ्वीवरून स्वतंत्रपणे आलेला असतो. चंद्रावरील एका जागेकडून दुसरीकडे काहीच जात नाही.

*पाण्यातील निळी प्रभा.* पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर इतका कमी होतो. तेथे एखादा विद्युतभारित कण त्याला मागे टाकू शकतो आणि त्यातून चेरेन्कोव्ह प्रारण ही निळसर प्रभा निर्माण होते. तुर्भे येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या ‘अप्सरा’सारख्या जलकुंड प्रकारच्या अणुभट्टीत ती दिसते. मर्यादा मात्र निर्वात पोकळीतील वेगाची आहे आणि ती येथेही अबाधित राहते.

*विश्वाचे प्रसरण.* अतिदूरच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशाहून अधिक वेगाने दुरावत आहेत. येथे दीर्घिका अवकाशातून धावत नसून मधले अवकाशच प्रसरण पावत आहे. कोणताही संदेश या मार्गाने प्रकाशाला मागे टाकत नाही.

*न्यूट्रिनोंचा प्रयोग.* २०११ मध्ये सर्नपासून इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंतचे सुमारे ७३० किलोमीटर अंतर न्यूट्रिनो कणांनी प्रकाशापेक्षा सेकंदाच्या सुमारे ६० अब्जांश भागाइतके आधी कापल्याचे मोजमाप जाहीर झाले. संशोधकांनी ते लपवले नाही आणि त्याचा जयघोषही केला नाही. इतरांनी तपासावे, अशी विनंती केली. २०१२ मध्ये सैल बसलेली प्रकाशतंतूची जोडणी हे मुख्य कारण असल्याचे निष्पन्न झाले आणि पुढील मोजमापांत न्यूट्रिनो मर्यादेत असल्याचे दिसले. नियम श्रद्धेने नव्हे, तर अशा तपासण्यांतून टिकून राहतो.

५.७ साहित्याच्या अभ्यासकासाठी

मराठीत ‘मनोवेगाने’ हा शब्द आपण सहज वापरतो. मन एका क्षणी अंगणात आणि दुसऱ्या क्षणी नक्षत्रांत असते. कारण मनाच्या या प्रवासात कोणतीही वस्तू हलत नाही आणि कोणताही संदेश तेथवर पोहोचत नाही. पुराणकथेतील विमानाला किंवा परीकथेतील गालिच्याला वेगाची मर्यादा नसते आणि ती विचारणेही अप्रस्तुत आहे. विज्ञानकथेचे तसे नाही. ती वाचकाशी एक करार करते, की ज्ञात नियमांचे भान ठेवून कल्पना लढवली जाईल. तिच्यातील यान प्रकाशाहून वेगाने जात असेल, तर लेखकाने ही सवलत जाणूनबुजून घेतली आहे का आणि तिच्यामुळे उद्भवणाऱ्या कालक्रमाच्या गुंत्याला तो सामोरा गेला आहे का, हे पाहणे हा समीक्षेचा भाग ठरतो. दोन ग्रहांवरील पात्रांत तात्काळ संभाषण घडत असेल, तर तेथे आपण थांबून विचारले पाहिजे : उत्तर प्रश्नाच्या आधी येऊ शकेल, अशा जगात या पात्रांच्या निर्णयांना अर्थ काय उरतो?

५.८ सारांश

वस्तूची हालचाल अणूकडून अणूकडे सरकते. म्हणून पूर्ण दृढ वस्तू असू शकत नाही. वेगांची बेरीज प्रकाशाच्या वेगापलीकडे जात नाही आणि वस्तुमान असलेल्या वस्तूला तो वेग गाठण्यासाठी अनंत ऊर्जा लागेल. ही मर्यादा ओलांडली गेली, तर कारण आणि कार्य यांचा क्रम सर्वांसाठी सारखा राहणार नाही. आपण काल जे केले त्याचे फळ आज मिळते, उद्या केलेल्याचे नाही, हा भरवसा या मर्यादेवर उभा आहे. बादली ‘त्याच क्षणी’ हलत नाही; ती अत्यल्प काळाने हलते, आणि त्या अत्यल्प काळामुळेच आधी व नंतर या शब्दांना अर्थ राहतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) काठीतील धक्का अर्ध्या सेकंदात चंद्रावर पोहोचला, तर कोणती अडचण निर्माण होते?
(आ) चंद्रावरील प्रकाशाचा ठिपका नियमभंग का करत नाही?

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) त्या पदार्थातील ध्वनीच्या वेगाने. (आ) रुळातून सुमारे १ सेकंदात. हवेतून सुमारे १५ सेकंदांत.
२. (अ) काही निरीक्षकांच्या दृष्टीने घंटा आधी वाजते व काठी नंतर ढकलली जाते. म्हणजे कार्य कारणाच्या आधी घडते. (आ) ठिपका ही वस्तू नसून, चंद्रावरील एका जागेकडून दुसरीकडे कोणताही संदेश जात नाही.

स्वाध्याय

१. ‘प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ही कार्यकारणसंबंधाची मर्यादा आहे’ हे विधान काठीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. तुमच्या वाचनातील एखाद्या मराठी विज्ञानकथेत वेग, अंतर आणि संदेशवहन यांची हाताळणी कशी केली आहे, याचे दीडशे ते दोनशे शब्दांत विवेचन करा.